कशावरून?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत भूगोल शिकवत. त्यांचे जुने विद्यार्थी आज इथे बसले आहेत. मघाशी चहाच्या वेळी ज्याने त्याने मला एकच आठवण सांगितली. उत्तर बरोबर आलं तरी सर मुलाला खाली बसू देत नसत; ‘कशावरून?’ म्हणून विचारत. संयोजकांनी मला ‘खगोलशास्त्राची तोंडओळख’ असा विषय दिला आहे. तो मी सरांच्या त्या प्रश्नाच्या अंगाने मांडणार आहे, कारण या शास्त्रात नवख्याने दुसऱ्या कुठल्या वाटेने शिरूच नये असं माझं मत आहे.

आकाशाविषयीची भाषणं बहुधा आकड्यांवर चालतात. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर. श्रोते ‘बापरे’ म्हणतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी लाखाचे कोटी करून सांगितले तरी कुणाला खटकत नाही. आकडा मोठा असतो म्हणून तो डोक्यात टिकत नाही असं नव्हे. तो आला कुठून हे कुणी सांगितलेलं नसतं. भूगर्भशास्त्रज्ञाला दगड फोडता येतो, डॉक्टरला नाडी बघता येते. खगोलशास्त्रज्ञाच्या हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. चंद्रावरची माती, उल्कापाषाण असे थोडे नमुने सोडले तर त्याच्यापर्यंत येतो तो मुख्यतः प्रकाश, आणि त्याला थेट मोजता येतात ते कोन. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो इतकं ठामपणे कसं बोलतो, हे समजून घेणं म्हणजेच खगोलशास्त्र शिकणं.

तेव्हा कोनापासूनच सुरुवात करू. हात समोर ताठ धरा आणि मूठ वळा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते, करंगळीची एक अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हे माप त्यालाही चालतं. पौर्णिमेचा चंद्र करंगळीआड सहज लपतो, कारण तो जेमतेम अर्धा अंश असतो. उगवताना तो परातीएवढा वाटतो तेव्हाही करंगळी पुढे धरून बघा; तो तेवढाच भरतो. आता ध्रुव शोधा. हा आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा असल्याची समजूत घरोघरी आहे, पण तेजस्वितेत तो पहिल्या चाळिसातही येत नाही. पुण्यातून तो उत्तर क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा थोडा खालीच सापडेल, साधारण साडेअठरा अंशांवर. पुण्याचे अक्षांशही तेवढेच. पणजीत तो साडेपंधरा अंशांवर दिसतो, नागपुरात एकवीसवर, श्रीनगरात चौतीसवर.

गाव बदललं की ध्रुवाची उंची बदलते, कारण आपण वाकलेल्या जमिनीवर उभे आहोत. किती वाकलेल्या, ते मोजायला शाळेचं अंगण पुरतं. नकाशात कोल्हापूर आणि नाशिक बघा. दोन्ही जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, दोन्ही गावांतल्या शाळांनी एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने उभी करायची आणि दुपारची सगळ्यांत आखूड सावली मोजायची. घड्याळात बारा वाजायची वाट बघू नका. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, त्यामुळे आपल्याकडे सूर्य मध्यावर येतो साडेबाराच्या आगेमागे. कोल्हापूरची सावली ३० सेंटिमीटर भरेल, नाशिकची ३६ च्या किंचित वर. कंपासपेटीने त्रिकोण काढला की सूर्य कोल्हापुरात डोक्यावरून १६.७ अंश आणि नाशकात २० अंश कललेला निघतो. फरक ३.३ अंश. दोन गावांतलं सरळ अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. एसटीच्या तिकिटावरचं अंतर घेऊ नका, रस्ता वळणं घेतो. ३.३ अंशांना ३६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा. उत्तर येतं ३९,८०० च्या आसपास. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर आहे.

इथे मुलांना एक सूचना आवर्जून द्यावी. सावलीची कड धूसर असते, कारण सूर्य ठिपका नाही, त्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. अर्ध्या सेंटिमीटरची गफलत झाली तर परिघात तीन हजार किलोमीटर इकडचे तिकडे होतात. म्हणून एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याने हेच गणित केलं. त्याच्या दोन गावांमधला फरक वर्तुळाच्या एक पन्नासांश होता.

गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथे संपते. सर असते तर संपली नसती. समजा, एखाद्या हुशार मुलीने विचारलं की पृथ्वी सपाट आहे आणि सूर्यच जवळ आहे असं धरलं तरी दोन गावांच्या सावल्या वेगळ्याच येतील, मग जमीन गोल कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहे. दोन गावांवरून याचा निकाल लागत नाही. ३० आणि ३६ सेंटिमीटरच्या सावल्या सपाट जमिनीवरही पडतील. फक्त सूर्य ५,७०० किलोमीटर उंचीवर टांगावा लागेल. निकाल लावायला तिसरं गाव हवं, आणि ते पुरेसं लांब हवं. श्रीनगर जवळपास त्याच रेखांशावर आहे, ही आपली सोय. सपाट पृथ्वी आणि जवळचा सूर्य खरा असेल तर श्रीनगरची सावली ६४ सेंटिमीटर यायला हवी. गोल पृथ्वी आणि खूप लांबचा सूर्य खरा असेल तर ६८ च्या जवळ. तिथे मोजली तर ६८ च्या जवळच भरते. चार सेंटिमीटर मीटरपट्टीने मोजता येतात. दोन्ही कल्पनांची भाकितं जिथे वेगळी होतात ती जागा हुडकून तिथे मोजायचं. पुढे तुम्ही कृष्णविवरांपर्यंत गेलात तरी पद्धत याहून फार वेगळी नाही.

ताऱ्यांच्या अंतराचा प्रश्न माणसाला फार काळ छळत होता. अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. दोन डोळ्यांतलं अंतर आणि सरकण्याचा कोन कळला की अंगठा किती लांब ते गणिताने निघतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं कोपर्निकसने म्हटलं, त्यावर पुढे टायको ब्राहेसारख्या कसलेल्या निरीक्षकाने याच आधारे आक्षेप घेतला. पृथ्वी फिरत असेल तर सहा महिन्यांत ती कक्षेच्या या टोकाहून त्या टोकाला जाणार. मग जवळचे तारे सरकलेले दिसायला हवेत, ते का दिसत नाहीत? आपण टायकोला पुष्कळदा जुनाट ठरवतो. त्याचा आक्षेप शास्त्रीय होता आणि मोजमाप चोख होतं. तारे सरकत होतेच, पण ते इतके लांब आहेत की दुर्बिणीविना ते सरकणं पकडणं शक्यच नव्हतं.

ते पकडलं गेलं १८३८ मध्ये. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातला एक मंद तारा निवडला. त्याला ६१ सिग्नी म्हणतात आणि तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. तेजस्वी तारे सोडून हाच का? कारण तो आकाशात वर्षागणिक इतर ताऱ्यांपेक्षा जास्त हलताना आढळला होता. आगगाडीच्या खिडकीतून रुळाजवळचं झाड भराभर मागे पडतं, डोंगर पडत नाही, तोच तर्क. बेसेलला त्याचा पराशय सापडला एका विकलेच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला, हे पंचांग उघडणाऱ्यांना सांगायला नको. अंतर निघालं दहा प्रकाशवर्षांच्या वर. आजच्या मापाने ११.४. हा कोन केवढासा आहे म्हणाल तर एक रुपयाचं नाणं चौदा-पंधरा किलोमीटरवर ठेवलं तर ते तेवढं दिसेल. गाया नावाच्या युरोपीय अंतराळ दुर्बिणीने २०१४ ते २०२५ या काळात सुमारे १८० कोटी ताऱ्यांची याच तत्त्वाने मोजणी केली. तत्त्व अंगठ्याचंच.

प्रकाशालाही यायला वेळ लागतो, हेही कोणीतरी प्रथम पकडावं लागलं. ते ओले रोमरने १६७६ मध्ये पकडलं. गुरूचा आयो हा चंद्र दर साडेबेचाळीस तासांनी गुरूभोवती एक फेरी मारतो. पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना त्याची ग्रहणं उशिरा होत, जवळ येत असताना लवकर. रोमर म्हणाला, आयो वक्तशीरच आहे. त्याच्याकडून बातमी आणणारा प्रकाश वाटेत वेळ घेतो. हा वेळ केवढा असतो ते बघायचं तर कोकणातल्या मंडळींनी मे महिन्यात रात्री दक्षिणेला त्रिशंकूच्या डावीकडचे दोन ठळक तारे बघावेत. त्यांतला मित्र म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्याचा सगळ्यांत जवळचा शेजारी. तरी त्याचा प्रकाश चार वर्षांहून जास्त जुना असतो.

आता एका अशा प्रश्नाकडे वळतो की जो कधीच सुटणार नाही असं एका मोठ्या माणसाने छापून टाकलं होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोंत याने १८३५ मध्ये लिहिलं की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती कळतील, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कदापि कळणार नाही. तिथे जाऊन तुकडा कोण आणणार? गंमत अशी की उत्तराची किल्ली तेव्हाच हाताशी होती. सूर्यप्रकाश लोलकातून पसरला की वर्णपटात बारीक काळ्या रेषा दिसतात, हे फ्राउनहोफरने १८१४ मध्ये नोंदलं होतं. १८५९ च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की पिवळा रंग येतो, तो सोडियमचा. सूर्याच्या वर्णपटात त्याच जागी काळ्या रेषा आहेत. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे.

यापुढच्या गोष्टीचा महाराष्ट्राशी संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याची छाया आपल्या देशावरून गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात इंग्रज निरीक्षकांची एक तुकडी होती. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला इतक्या ठळक रेषा दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या शोधून काढल्या. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने स्वतंत्रपणे हीच युक्ती २० ऑक्टोबरला साधली. त्याला पिवळ्या भागात एक रेषा दिसली, पण ती सोडियमच्या जागी नव्हती, किंचित सरकलेली होती. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी तिचा मेळ बसेना. तेव्हा सूर्यावर एक नवंच द्रव्य असलं पाहिजे, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला हेलियम हे नाव मिळालं. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी याला नाकं मुरडली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. जो वायू आधी सूर्यावर सापडला तो सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवर सापडला.

आता विजयदुर्गाकडे येतो. किल्ल्यावर काही चौथरे आहेत, त्यांना लोक साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियरने याच ओट्यांवरून हेलियम शोधला असं तिथे सांगितलं जातं, वर्तमानपत्रांतही दरवर्षी छापून येतं, त्या दिवशी कार्यक्रमही होतात. कशावरून? लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. तो विजयदुर्गला आला खरा, पण जवळजवळ तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. ब्रिटिश आरमाराच्या मेलपोमीन जहाजावरच्या खलाशांना त्याने निरीक्षणाच्या कामाला जुंपलं होतं. तोवर हेलियम प्रयोगशाळेतल्या नळीत येऊन बसला होता. मी कोकणचा अभिमान कमी करायला निघालेलो नाही. खरी तारीख धरली तर विजयदुर्गाचं महत्त्व कमी होत नाही, आणि शिवाय एक आपला माणूस उजेडात येतो. त्याच ग्रहणाचा वेध सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या कावसजी नायगमवाला यांनी घेतला आणि त्याचा अहवाल छापला. पुण्यात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती आणि तिथली वीस इंची दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी होती. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. पुणेकरांना शहराचं सगळं माहीत असतं; नायगमवाला मात्र फार थोड्यांना माहीत आहेत.

पुन्हा वर्णपटाकडे वळू. नुसत्या रेषा दिसल्याने द्रव्याचं प्रमाण कळत नाही, हा त्यातला सूक्ष्म मुद्दा. रेषेचा ठळकपणा तापमानावरही अवलंबून असतो. ते कोडं मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणाने उलगडलं, आणि ते समीकरण वापरून सेसिलिया पेनने १९२५ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तिच्या वरिष्ठांना ते पटलं नाही, म्हणून तिने प्रबंधात हा निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही असं वाक्य घातलं. निष्कर्ष खरा होता.

व्याख्यानानंतर पत्रिकेबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच बोलून टाकतो. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली, डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यांत होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. ४६ टक्के बरोबर आली. नाणेफेकीने पन्नासच्या आसपास येतात. यावर मी भाष्य करत नाही.

सुरुवात कशी करायची, हे पालक हमखास विचारतात, आणि त्यांच्या मनात बहुतेक वेळा दुर्बीण विकत घेण्याचा बेत असतो. घाई करू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या लटपटत्या तिकाटण्यावरच्या स्वस्त दुर्बिणीने मुलाचा उत्साह जितक्या लवकर मरतो तितका कशानेही मरत नाही. आधी एक वर्ष नुसत्या डोळ्यांनी बघा. मृग, रोहिणी, कृत्तिका, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, अभिजित ओळखू आले पाहिजेत. मोबाइलवरचं ॲप नाव सांगतं, पण पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात आणि अंधाराला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं जातात. मग सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री घ्या. ती भिंतीला टेकवून गुरूकडे धरली की कडेला चंद्रांचे ठिपके दिसतात. रोज एकाच वेळी त्यांच्या जागा वहीत काढा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये नेमकं हेच केलं होतं. आठवडाभरात कोणता ठिपका कुणाभोवती फिरतो हे मूल स्वतः सांगेल. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. अशा मंडळांबरोबर अमावस्येच्या सुमारास शहराबाहेर जा. आणि जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडदला जाऊन या. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता तारांच्या जाळीचा केला. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना जाळीची भोकं दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे मोठं प्रदर्शन भरतं आणि पंचक्रोशीतल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात.

शेवटी आजच्या एका भांडणाबद्दल. विश्व प्रसरण पावतं हे तुम्ही ऐकलं असेल. किती वेगाने, यावर दोन गट आहेत. एक गट पायरी पायरीने चढतो. जवळच्या ताऱ्यांची अंतरं पराशयाने. त्यांवरून सेफीड जातीच्या, ठरावीक काळाने कमी-जास्त उजळणाऱ्या ताऱ्यांची खरी तेजस्विता, जिचा नियम हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ मध्ये पक्का केला. त्यांवरून स्फोट होणाऱ्या ताऱ्यांची, आणि मग दूरच्या दीर्घिकांची अंतरं. या गटाचं उत्तर ७३ च्या आसपास येतं, म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७३ किलोमीटर. दुसरा गट विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या सूक्ष्मलहरींवरून गणित करतो. त्याचं उत्तर ६७ च्या पुढे फारसं सरकत नाही. दोघांच्याही चुकांच्या मर्यादा इतक्या लहान आहेत की मधला फरक झटकून टाकता येत नाही. सेफीड शेजारच्या ताऱ्यांच्या गर्दीत मिसळून जास्त तेजस्वी दिसत असावेत अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीने ते पुन्हा तपासले आणि ती शंका बरीचशी फिटली. वेगळ्या जातीचे तारे वापरणाऱ्या काहींचं उत्तर मात्र मध्येच, सत्तरच्या आसपास येतं. एखाद्या पायरीत अजून गफलत दडलेली असेल, किंवा सुरुवातीच्या विश्वाबद्दल आपल्याला काहीतरी मुळातच कळलेलं नसेल. माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. पण माझ्यापेक्षा जाणते लोक दुसरीकडे झुकलेले आहेत आणि त्यांची कारणं हलकी नाहीत.

आता प्रश्न घेऊ. ध्वनिक्षेपक मागच्या रांगेतून सुरू करा, तिकडे शाळेची मुलं बसली आहेत.